कपाटाला लागलेलं सील

१

"बाई, तुमच्या कपाटाले कोनी आग नाई लावनार. कुलूप लावन. आगीपेक्षा थे वाईट."

दुकानात आलेल्या केसरबाई हे बोलल्या तेव्हा माझी लेक ईश्वरी माझ्या खांद्यावर किरकिरत होती आणि माझं निम्मं लक्ष तिच्या तापाकडे होतं. मी हसले. म्हटलं, "अहो, आमचं कपाट लोखंडाचं थोडंच आहे? कम्प्युटरातलं आहे. त्याला कुलूप कुठून घालणार?" केसरबाई हसल्या नाहीत. पदर डोक्यावर ओढून घेतला आणि पायऱ्या उतरून गेल्या.

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडजवळ माझ्या नवऱ्याचं, प्रणितचं, कम्प्युटर सेंटर होतं. पुढच्या खोलीत झेरॉक्स, टायपिंग, रेल्वेची तिकिटं. मागच्या खोलीत एक मोठं मशीन, दिवसरात्र घुमणारं. त्या मशीनवर प्रणितची वेबसाइट चालायची. तिचं नाव 'कपाट'. ज्याला जे जपायचं ते त्यानं आणून द्यावं आणि जगात कुठूनही पाहावं. लग्नाचे फोटो, प्राध्यापकांचे प्रबंध, गावच्या मंडईची, म्हणजे जत्रेची, शूटिंग. पुण्यात नोकरीला गेलेली पोरं तिथे बसून इथल्या शंकरपटाच्या शर्यतीतले बैल पाहायची. "घरात वाळवी लागते, कपाटात लागत नाही," असा बोर्डच प्रणितने रंगवून घेतला होता.

दोन हजार आठ सालच्या डिसेंबरात, नाटकांचा सीझन ऐन भरात असताना, जिल्ह्याहून पोलिसांचं पथक आलं. वडशाच्या 'चांदणवेल' नाट्य कंपनीची तक्रार होती. कंपनीचं या सीझनचं नवं नाटक, 'धरणात गेली माहेरची वाट', अख्खंच्या अख्खं कुणीतरी रेकॉर्ड करून, चित्र नाही, नुसता आवाज, कपाटात ठेवलं होतं. कॉपीराइटचा गुन्हा.

मला वाटलं, ती एक फाइल काढून घेतील आणि जातील. त्यांनी मागच्या खोलीतलं मशीन उचललं, पुढचे सगळे कम्प्युटर उचलले, प्रिंटर उचलला. प्रत्येकाला कापड, कापडावर दोरा, दोऱ्यावर लाख. लाखेच्या धुरानं ईश्वरीला ढास लागली. दारात गर्दी जमली होती. एक म्हातारे गृहस्थ हवालदाराच्या मागे मागे फिरत होते. "साहेब, नाटकाचं तुमी पाहा. पन माह्या पोरीचं लगन त्याच्यात हाये ना जी."

"लगन कोर्टात सुटन काकाजी," हवालदार म्हणाला. लोक हसले. म्हातारे हसले नाहीत.

प्रणितला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी जामीन झाला तेव्हा वकिलांनी मला बाजूला घेतलं.

"वहिनी, लोक काय ठेवतात हे मालकाला माहीत नव्हतं, असं आपण म्हणू शकलो असतो. पण ही फाइल बाहेरून आलेली नाही. तुमच्या काउंटरच्या मशीनवरूनच चढवली आहे. दुसऱ्या कुणी चढवली हे दाखवता आलं नाही, तर प्रणितनेच चढवली असं धरतील. तुरुंग होऊ शकतो."

काउंटरवर तीनच माणसं बसायची. प्रणित, त्याच्या हाताखालचा कैफ, आणि ईश्वरी झोपली की मी.

मी ती फाइल चढवली नव्हती.

२

नवऱ्यावर संशय घेणं कसं असतं, हे लग्नात कुणी सांगत नाही. मी त्याला चहा दिला, आणि तो कप कसा धरतो हे पाहत बसले.

दिवाळीत तो एक वाक्य बोलला होता. "एखादं गाजलेलं नाटक कपाटात आलं ना दिव्यानी, तर लोकं तुटून पडतीन." मी ते वाक्य विसरू शकत नव्हते.

शेवटी विचारलंच. "तू तर नाही ना ठेवलंस?"

त्यानं कप खाली ठेवला. "लोकं इचारून राह्यले, पोलीस इचारून राह्यले. आता तू बी इचार."

"हो की नाही, एवढंच सांग."

"नाई." मग जरा वेळानं म्हणाला, "नाटकवाल्याच्या पोटावर पाय देऊन मले कपाट नाई चालवाचं. लहानपनापासून नाटकं पाहून मोठा झालो मी. तुले नाई समजनार थे."

खरंच समजणार नव्हतं. मी भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत वाढले. आमच्या एका मजल्यावर बंगाली, तेलुगू, केरळी. तिथे दुर्गापूजा व्हायची, ओणम व्हायचा, पण या जंगलपट्ट्यातलं, झाडीपट्टीचं, नाटक कधी आलं नाही. शेतात उतार खणून बसायची जागा करतात, मातीचा मंच उभारतात आणि पंचक्रोशी रात्रभर थंडीत घोंगड्या पांघरून बघत बसते, हे मी फक्त ऐकलं होतं. लग्न होऊन आले ती ईश्वरीच्या दुखण्याखुपण्यात अडकले. तिला थंडी बाधते, म्हणून एकही नाटक पाहिलं नव्हतं.

उरला कैफ. धाडीच्या दिवसापासून तो आला नव्हता. बल्लारपूरला मामूंकडे गेलाय, असं त्याची आई नूरीबी सांगायची. सांगताना दार पुरतं उघडायची नाही.

मग एका सकाळी तो स्वतःच दुकानाच्या किल्ल्या द्यायला आला. उभ्याउभ्याच. "ये भाभी, किल्ल्या. अम्मी बोलली देऊन ये." नजर जमिनीवर. ईश्वरी धावत गेली आणि सवयीनं त्याच्या खिशातला मोबाईल ओढला. तिला त्यातली बटणं दाबायला आवडायचं.

तिने बटण दाबलं. कैफने हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

मोबाईलमधून आधी ऑर्गन वाजला. मग कुणीतरी पुटपुटलं आणि एका बाईनं हंबरडा फोडला. "दादा रे, धरणात गेली माह्या माहेरची वाट!"

३

"बस आधी," मी म्हटलं. दाराला आतून कडी घातली.

कैफ रडायला लागला. चोवीसेक वर्षांचा, ओठावर मिशी असलेला मुलगा. रडताना त्याला लाज वाटत होती, म्हणून तो ईश्वरीकडे पाठ करून बसला.

"मीच टाकलं भाभी. पन कसम से, मले माहीत नव्हतं का टाकून राह्यलो थे."

हे कसं शक्य आहे ते बाहेरच्याला पटणार नाही, पण आमच्या काउंटरची रीतच तशी होती. गावाकडून आलेला माणूस मोबाईलमधलं कार्ड काढून द्यायचा आणि म्हणायचा, कपाटात ठेवून देजो. कोणता फोटो, कोणती फाइल, हे त्याला सांगता यायचं नाही. विचारलं तर वैतागायचा. म्हणून कैफ अख्खं कार्डच कपाटात रिकामं करायचा. कार्डं एका स्टीलच्या ताटलीत पडलेली असायची. सगळी काळी, नखाएवढी, एकसारखी.

"त्या दिवशी ताटलीत किती होती?"

"दोन. एक केसरबाईचं. नातवाच्या बारशाचे फोटो. दुसरं लटारूभाऊचं. थे चांदणवेलचे प्रॉम्प्टर हायेत ना, मालकानं त्याइच्या हातून पोस्टर पाठवलं होतं. दोनी कार्ड खाली केले, दोघाइले वापस देल्ले. मंग संध्याकाळी पायतो तं बारशाचे फोटो हायेत, पोस्टर हाये, अन् हे नाटक हाये. मी खुश झालो ना! माह्या मोबाईलमधी उतरवून घेतलं. फुकटात नाटक."

"आणि प्रणितला सांगितलं नाहीस?"

"तवा याद नाई राह्यली. मंग पोलीस आले." तो माझ्याकडे वळला. "मी टाकलं म्हनलो असतो, तं कार्ड कोनाचं होतं हे कोनी इचारलं असतं का भाभी? नाव इचारलं असतं, अन् लिहून घेतलं असतं."

मोबाईलमधलं कार्ड मी मागितलं. त्यानं काढून दिलं. रात्री मी प्रणितला हे सगळं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पोराचं नाव पोलिसात नाई जाऊ द्याचं."

म्हणजे दोन माणसं. त्यांतल्या केसरबाई चांदणवेलमध्ये वीस-बावीस वर्षं आईच्या भूमिका करायच्या. पावसाळ्यात मालकाशी भांडण झालं आणि त्यांना काढून टाकलं. त्यांच्या मनात राग होता. आणि धाडीच्या आधीच त्यांना माहीत होतं की आमच्या कपाटाला कुलूप लागणार आहे.

४

केसरबाईंकडे जायच्या आधी मी वडशाला गेले. ज्याचं नाटक चोरीला गेलं त्याला एकदा पाहावं, माफी मागावी, जमलं तर तक्रार मागे घ्यायला लावावी, असं ठरवून. प्रणितला सांगितलं नाही. ईश्वरीला स्वेटरवर स्वेटर चढवले आणि सकाळच्या पॅसेंजरनं वैनगंगा ओलांडली.

वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं एका ओळीनं आहेत. कपड्यांच्या दुकानांसारखीच, फक्त बाहेर साड्यांऐवजी पोस्टरं. चांदणवेलच्या दारावर नव्या नाटकाचं पोस्टर होतं. लेखक, दिग्दर्शक, निर्माता, तिन्ही ठिकाणी कंपनीचे मालक वामनराव.

वामनराव गोड माणूस निघाले. ईश्वरीला बिस्किट दिलं, मला खुर्ची दिली. बोलणं मंचावरच्यासारखं, शुद्ध आणि गोलाईचं.

"ताई, तुमच्याशी माझं वैर नाही. पण लेकरू चोरीला गेल्यावर बाप गप्प बसेल का? रात्र रात्र जागून लिहिलंय हे नाटक. लटारू, पाणी आण ताईंना!"

आतून एक वाकलेला, जाड भिंगांचा म्हातारा पाणी घेऊन आला. ईश्वरी त्याच्याकडे पाहून रडायला लागली. "काऊन रडते व माय? मी का राक्षसाचा पार्ट करतो?" असं म्हणून त्यानं चष्मा काढून तिला दाखवला. ती गप्प झाली.

तेवढ्यात एक उंच तरुण आत शिरला. कंपनीचा हिरो असावा, पोस्टरवर तोच होता. तो आधी म्हाताऱ्याच्या पाया पडला. "लटारूभाऊ, आज कोनतं हाये?"

"आज 'माहेरची वाट' नाई, जुनं हाये. तुले पाठ हाये का?"

"मले कुठी पाठ? तुमी हाये ना."

"मंग तू उभा राय अन् तोंड हालव," म्हातारा म्हणाला. दोघं हसत आत गेले. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही.

"हे कुणी केलं असेल, तुम्हाला काय वाटतं?" मी वामनरावांना विचारलं.

"वाटायचं काय त्यात? प्रेक्षकांत बसून कुणीतरी मोबाईलवर उतरवलं. आरमोरीच्या एका रसिकाने मला कळवलं. आणि माणूस ठेवला कुणी असेल, तर तो केसरनं. तिला काढलं ना मी. दात धरून बसली आहे."

"तुम्ही तक्रार मागे घेतली तर..."

"आता सगळं कोर्टाच्या हातात." ते जरा पुढे झुकले. "सगळी मशिनं नेली ना त्यांनी? मागच्या खोलीतलंही?"

मी हो म्हटलं.

"मग ती येत नाहीत आता लवकर. वर्षानुवर्षं धूळ खातात बिचारी." त्यांनी ईश्वरीच्या गालाला हात लावला. मी तिला नकळत मागे ओढलं.

स्टेशनवर येईपर्यंत माझ्या लक्षात आलं. वामनराव आमच्या दुकानात कधी आले नव्हते. मागे एक खोली आहे आणि तिच्यात एक मशीन आहे, हे त्यांना कुणी सांगितलं? आणि चोरीला गेलेली वस्तू सापडल्यावर माणूस तिच्याविषयी विचारतो. हा माणूस कपाटाविषयी विचारत होता.

५

दुसऱ्या दुपारी ईश्वरी झोपल्यावर मी कैफचं कार्ड माझ्या मोबाईलमध्ये घातलं, कानात इअरफोन खुपसले आणि आयुष्यातलं पहिलं झाडीपट्टीचं नाटक ऐकायला बसले.

थोड्याच वेळात मी गोंधळले. नाटकात एक माणूस जास्त होता.

आई काही बोलायची, त्याच्या जरा आधी एक दबका, भरभर बोलणारा पुरुषी आवाज तेच बोलायचा. "दादा रे मले माहेर दाखव." मग आई हंबरायची, "दादा रे, मले माहेर दाखव!" खलनायकाच्या आधीही तोच. वकिलाच्या आधीही तोच. मला वाटलं, भूत असेल. किंवा मनातला आवाज वगैरे काहीतरी नवं तंत्र.

प्रणित घरी होता. त्याला एक इअरफोन दिला. "हा दुसरा माणूस कोण?"

"कोन दुसरा?"

"अरे, हा! जो आधी बोलतो तो."

तो मन लावून ऐकत राहिला. चेहऱ्यावर लहानपण आलं होतं. "मस्त पार्ट करून राह्यली बाई. पन दुसरा कोन? एकच तं बोलून राह्यली."

मला वाटलं, माझीच थट्टा करतो आहे. कैफला बोलावून घेतलं. त्यानं हे नाटक पुन्हा पुन्हा ऐकलेलं. "दुसरा कोई नाई भाभी." शेजारच्या काकूंना ऐकवलं. त्या डोळे पुसून म्हणाल्या, "किती रडवते व थे! दुसरं कोनी नाई बाई, तुमचा मोबाईल बिघडला अशीन."

मग मी प्रणितचा हात धरला आणि त्या आवाजाच्या प्रत्येक शब्दाला त्याच्या मनगटावर बोट आपटत गेले. थोड्या वेळानं त्याचा चेहरा बदलला. इअरफोन काढून तो माझ्याकडे पाहत राहिला.

"प्रॉम्प्टर," तो म्हणाला. "बापा! प्रॉम्प्टर हाये हा."

मग त्यानं मला समजावलं. सीझनमध्ये रोज नवं गाव आणि रोज वेगळं नाटक. नट एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जातात, तालमीला वेळ नसतो, पाठांतर कुणाचंच नसतं. विंगेत बसून प्रॉम्प्टर अख्खं नाटक वाचतो आणि नट ते उचलतात. पुढे बसलेल्या लोकांनाही तो थोडाफार ऐकू येतो, पण लहानपणापासून ऐकून ऐकून कान त्याला गाळून टाकतात. राइस मिलच्या शेजारी राहणाऱ्याला मिलचा आवाज येत नाही तसं. अख्ख्या झाडीला तो आवाज येत नाही. भद्रावतीच्या कॉलनीतून आलेल्या मला तो आला.

"पण इथे तर तो नटांपेक्षा मोठा ऐकू येतोय," मी म्हटलं.

"हो." प्रणित हळूच म्हणाला. "म्हंजे मोबाईल प्रेक्षकात नव्हता. विंगेत होता. प्रॉम्प्टरच्या बाजूले."

म्हणजे वामनराव खोटं बोलले होते. किंवा त्यांनाच कुणी फसवलं होतं, आणि ज्याचा आवाज सगळ्यांत जवळ होता तो लटारूभाऊ चोर होता. दोन कार्डांपैकी एक त्यानेच आणलं होतं.

आम्ही पुढे ऐकलं. तिसऱ्या अंकात प्रॉम्प्टर अडखळला. बहुधा पान चिकटून बसलं, उलटेना. मंचावर शांतता. आई नुसतीच हुंदके देत वेळ काढते आहे. आणि मोबाईलच्या अगदी तोंडाशी, प्रॉम्प्टरपेक्षाही जवळून, कुणीतरी दात खाऊन म्हणालं, "पुढचं पान, लटारू! पुढचं पान!"

६

केसरबाई एसटी डेपोमागे लेकीकडे राहायच्या. अंगणात बारशाचा नातू तेल लावून उन्हात ठेवला होता. मी ईश्वरीला त्याच्याजवळ बसवलं आणि काही न बोलता तेवढा तुकडा ऐकवला.

त्यांचंही लक्ष आधी फक्त हुंदक्यांवर होतं. "माह्या जागी घेतलेली पोरगी हाये. हुंदके कच्चे हायेत तिचे," त्या म्हणाल्या. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग त्या ताठ बसल्या.

"लटारू म्हनला," त्या म्हणाल्या. "भाऊ नाई लावला."

"म्हणजे?"

"बाई, थो मानूस प्रॉम्प्टरच्या फळीवर बसला तवा आमचे हिरो पाळन्यात होते. सगळे नट, ऑर्गनवाला, पडदेवाला, सगळे त्याइले लटारूभाऊच म्हनतेत. भाऊ न लावता हाक मारनारा कंपनीत एकच हाये. आवाज बी त्याचाच."

लटारू, पाणी आण ताईंना. मला तो गोल, गोड आवाज आठवला. दात खाल्ल्यावर तो असा होत असणार.

"पण स्वतःचं नाटक स्वतःच चोरून तो आमच्याकडे का ठेवेल?"

"त्याचं नाटक?" केसरबाई उठल्या. मला वाटलं, आत निघून जातील. त्या नातवाच्या अंगावर सावली करून उभ्या राहिल्या. "माहेर माह्यं बुडालं बाई धरनात. भाऊ माह्या गेला. लिवता मले येत नाई, म्हनून तुमच्या कैफनं माईक लावून देल्ला अन् मागच्या खोलीत एकटीनंच बसून तोंडानं सांगतलं होतं सारं. अंकबिंक पाडून, गानी म्हनून. दोन सीझन झाले. तुमच्या कपाटात माह्या आवाजात हाये थे. तारखेसकट."

बारशाचे फोटो ठेवायला येणारी बाई मला माहीत होती. ही माहीत नव्हती.

"मालकाले ऐकवलं होतं. काय म्हनला, की बरं हाये, पाहू. अन् या पावसाळ्यात पोस्टर लागलं, त्याच्या नावाचं. मी भांडली. म्हनली, कोर्टात जातो, माह्या आवाज हाये ब्रह्मपुरीच्या कपाटात, मागच्या खोलीत मशीन हाये. थो हासला. म्हने, त्या कपाटाले कुलूप लावतो ना मी."

"आणि तुम्ही हे मला सांगायला आला होतात."

"सांगतलं ना. तुमी हासल्या. मले वाटलं, शिकलेली बाई हाये, हासते म्हंजे खरंच लागत नसन कुलूप."

तिथेच, त्या अंगणात, मला सगळं एका ओळीत दिसलं. वामनरावांना नाटकाची चोरी थांबवायची नव्हती, कारण चोरी झालीच नव्हती. त्यांना केसरबाईंचा आवाज बंद करायचा होता. कपाट फोडता येत नाही, जाळता येत नाही. पण त्याच्यात आपलीच एक वस्तू चोरीची म्हणून ठेवली, की सरकार येऊन अख्खं कपाट बांधून नेतं, आणि इतरांनी ठेवलेलंही त्याच्याबरोबर जातं. खटला चालेल तोपर्यंत नाटकाचे सीझनमागून सीझन होतील. विंगेत उभं राहून त्यांनी रेकॉर्ड केलं, पोस्टरबरोबर कार्डावर घातलं. कैफ अख्खं कार्ड रिकामं करतो हे तर सगळ्या झाडीला ठाऊक. पाठवण्याआधी त्यांनी ते ऐकलंही असेल. पण इथल्या कानाला विंगेतला आवाज ऐकू येत नाही. प्रॉम्प्टरचा नाही आणि विंगेतून ओरडलेला स्वतःचाही नाही.

७

वकिलांनी रेकॉर्डिंग शांतपणे ऐकलं. त्यांनाही बोट आपटून दाखवावं लागलं.

"वहिनी, हे चांगलं आहे. पण ते म्हणतील, मालकानं स्वतःसाठी रेकॉर्ड केलं आणि ते कुणीतरी चोरलं. कार्ड कुणी कुणाच्या हातात दिलं, हे सांगणारा माणूस हवा. तो उभा राहिला, तर प्रणित सुटला."

लटारूभाऊंचं गाव कोसमटोला. आरमोरीहून वैरागडच्या रस्त्याला लागलं की डावीकडे, जंगलाच्या कडेला. प्रणित आणि मी रविवारी गाडीवर गेलो, ईश्वरी मध्ये. म्हातारे अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. घरात एकटेच. बायको गेलेली, मुलगी सिरोंच्याच्या पलीकडे, आंध्रात दिलेली.

त्यांनी आम्हाला पाहिलं आणि शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"मले माहीत होतं, कोनीतरी येईन म्हनून."

प्रणितनं मोबाईल पुढे केला. ते ऐकत राहिले. एवढे लोक झाले, पण पहिल्याच फटक्यात ऐकू आलेले ते एकटे. हसले. "अरे, माह्या आवाज असा हाये का? जिंदगीभर बोललो, पन कोनी ऐकवला नाई."

"लटारूभाऊ, कार्ड कोनी देल्लं होतं?"

"मालकानं. म्हने, याच्यात पोस्टर हाये, कैफच्या हातात देजो, दुसऱ्या कोनाले नको. मोबाईल धरून बाजूले उभा होता तवा बी मले वाटलं, हौस हाये मानसाची." त्यांनी सोललेले दाणे ईश्वरीच्या ओंजळीत टाकले. मी ते पटकन काढून घेतले, घशात अडकतील म्हणून. ते पाहत होते. "बाई, तुमी लय भेता."

"हो," मी म्हटलं.

"मी बी भेतो. तीस साल त्याचं खाल्लं." उरलेल्या शेंगा त्यांनी टोपलीत लोटल्या. मग म्हणाले, "केसरच्या नाटकाले मी वाचलं. पयल्याच पानावर ओळखलं होतं, हे बाईच्या पोटातून आलेलं हाये म्हनून. बोललो नाई. मंगळवारी येतो तुमच्या वकिलाकडे. जे झालं थे सांगतो."

निघताना ईश्वरीच्या टोपीची गाठ त्यांनी पुन्हा बांधून दिली. घट्ट.

मंगळवारी आम्ही वकिलांच्या ऑफिसात दिवसभर बसलो. ते आले नाहीत. बुधवारी प्रणित कोसमटोल्याला जाऊन आला. दाराला बाहेरून कडी होती. शेजारी म्हणाले, सोमवारी कंपनीची जीप आली होती, भाऊ तीत बसून गेले. वडशाला फोन केला, तर वामनराव स्वतः बोलले. गोल, गोड. "लटारू? तो मुलीकडे गेला ना आंध्रात. म्हातारपण, ताई. आराम करू द्या त्याला." मुलीचा पत्ता मागितला, तर म्हणाले, असा तोंडपाठ नाही.

मुलगी कुठे दिली ते आम्ही गावातून शोधून काढलं. तिच्या गावच्या दुकानात फोन लागला. ती रडायलाच लागली. बाबा तिच्याकडे आलेलेच नाहीत.

आम्ही पोलिसांत कळवलं आहे. ज्यांच्यावर गुन्हा आहे त्यांनीच साक्षीदार हरवल्याचं कळवावं, हे त्यांना विचित्र वाटतं, आणि त्यांचंही चुकत नाही. प्रणितची तारीख जवळ येते आहे. तो आता त्याविषयी बोलत नाही. रोज संध्याकाळी विचारतो, "म्हाताऱ्याचं काई समजलं का?"

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही हे आरमोरीत, कुरखेड्यात, वडशात, सिरोंच्याला, कुठेही वाचत असाल. तुमच्या गावात सीझनचं नाटक आलं, तर पुढच्या घोंगडीवरून उठा आणि एकदा विंगेत डोकवा. जाड भिंगांचा, वाकलेला म्हातारा आहे का पाहा. कोसमटोल्यावरून जाणार असाल तर शेवटचं घर त्यांचं, पुढे आवळ्याचं झाड आहे. केस, साक्ष, आमचं कपाट, यातलं काही विचारू नका. जेवलात का, एवढंच विचारा. कुणी उत्तर दिलं नाही तर दाराजवळ जा, आणि कडी बाहेरून लावलेली आहे की आतून, ते नीट पाहा. आतून असेल, तर म्हातारे घरी आले आहेत.

आणि मला कळवा.